आधी जंतू बिघडले की आधी आतडं मंदावलं?

प्रश्न : वय ५२, शिक्षिका आहे. ११ वर्षं पोट साफ होत नाही. आठवड्यातून जेमतेम दोनदा, तेही कुंथून. चोथा वाढवला की पोट नगाऱ्यासारखं फुगतं. श्वासाच्या तपासणीत मिथेन वायू ३४ पीपीएम (दहा लाख भागांत ३४) आला. ‘जंतू बिघडलेत’ म्हणून चार महिने प्रोबायोटिक घेतलं, फरक शून्य. सोनामुखीच्या गोळीने होतं, पण सवय लागेल म्हणून घरचे रागावतात. दोष जंतूंचा की आतड्याचा?
ता. क. कळ येते, पण दाराशीच अडतं. कधी बोटाने मोकळं करावं लागतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर : बाई, मिथेनच्या आकड्याभोवती तुम्ही लाल शाईने गोल काढलाय. मी मात्र अडले ती ता. क.पाशी. तिकडे येतेच, आधी तुमचा गोल.

मिथेन तयार करणारे हे जीव खरं तर बॅक्टेरियाही नव्हेत. आर्किया नावाचं त्यांचं वेगळंच कुळ. आपल्या आतड्यातला मुख्य सदस्य मिथॅनोब्रेविबॅक्टर स्मिथी. बाकीचे जंतू चोथा आंबवताना हायड्रोजन सोडतात, तो हा खातो आणि मिथेन बाहेर टाकतो. श्वासात १० पीपीएम किंवा जास्त आलं की जास्त समजतात, म्हणजे तुमचं आहेच. प्राण्यांच्या आतड्यात मिथेन सोडून पाहिलं, तर पुढे ढकलण्याचा वेग कमी होतो. इथवर ‘जंतूंचा दोष’ पटतो.

पण हे जीव फार सावकाश वाढतात. मळ भराभर पुढे गेला तर वाहून जातात. रेंगाळला तर बस्तान बसवतात. म्हणजे आतडं मंदावलं म्हणूनही मिथेन वाढतं. मळ जास्त वेळ राहिला की जंतूंचा पिष्टमय खाऊ संपतो, मग ते प्रथिनांकडे वळतात आणि पिष्टापासून होणारी आम्लं कमी पडतात. ही आम्लं साधी नव्हेत : त्यातलं ब्युटिरेट मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन, शिवाय ती अस्तरातल्या पेशींना सेरोटोनिन हे निरोप्या रसायन सोडायला लावतात आणि त्याने आतडं हलतं. असं हे चक्र. तुमच्या आकड्यावरून ते फिरतंय एवढं कळतं, सुरुवात कुठून झाली ते नाही. म्हणून विष्ठेतल्या जंतूंची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्या मी बद्धकोष्ठतेसाठी सांगत नाही.

आणि तुमच्या जंतूंची एक बाजू कुणी मांडलीच नाही! सोनामुखीची गोळी आहे तशी काम करत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ती फोडतात, तेव्हा तिच्यातलं औषध जागं होतं. गोळी लागू पडते, म्हणजे निदान ते काम तुमचे जंतू चोख बजावताहेत. नेहमीच्या मात्रेत तिने आतड्याच्या नसा निकामी होतात, या भीतीला भक्कम आधार नाही. घरच्यांना हे वाचून दाखवा.

आता ता. क. कळ येते याचा अर्थ मळ गुदाशयापर्यंत पोहोचतोय. पुढे दार उघडत नाही. कुंथताना जे स्नायू सैल पडायचे, तेच काहींच्या बाबतीत आवळतात. ही चुकीची सवय असते आणि ती मोडता येते. मी नवखी असताना हा प्रश्न विचारायचेच नाही. ‘पाणी प्या, चोथा वाढवा’ म्हणून पेशंट परत पाठवायचे, आणि तो बिचारा आणखी फुगून यायचा. दार बंद असताना मागून गर्दी वाढवली, तर दुसरं काय होणार? वर्गात तास सुटेपर्यंत तुम्ही किती वेळा कळ दाबली असेल, याचाही हिशेब करा. धडधाकट माणसांनी मुद्दाम शौच रोखलं, तरी मोठ्या आतड्याचा वेग घटतो. वेग घटला की आपला मिथेनवाला खूश.

तेव्हा पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजून घ्या. सोबत फुग्याची चाचणी होते : ५० मिली पाणी भरलेला छोटा फुगा साधारण मिनिटभरात बाहेर टाकता यायला हवा. दोष सापडला, तर बायोफीडबॅक हा उपाय. पडद्यावर आपल्याच स्नायूंचा आलेख बघत सैल सोडायला शिकायचं; दहातल्या साधारण सात जणांना गुण येतो. दार मोकळं झाल्यावर बऱ्याच जणांचं आतडंही वेग धरतं. नाही धरलं, तरच वेगाची तपासणी : खुणेचे कण असलेली कॅप्सूल गिळायची आणि पाचव्या दिवशी एक्स-रेमध्ये किती उरले ते मोजायचे.

तोवर चोथ्याची भर थांबवा. मॅक्रोगॉल या पोट साफ करणाऱ्या औषधाची पूड पाणी धरून ठेवते आणि जंतू ती आंबवत नाहीत, म्हणून गॅसही होत नाही. लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं दुसरं औषध नको, ते जंतूंचं आवडतं खाद्य. मोठ्या आतड्याच्या जोरदार लाटा सकाळी झोपेतून जागं झाल्यावर आणि जेवणानंतर येतात, तेव्हा पायाखाली पाट घेऊन दहा मिनिटं बसा, कुंथू नका.

थायरॉईड तपासलंय का, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का, हे पत्रात नाही. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी दुर्बिणीची तपासणी करा. आणि डॉक्टरांकडे जाताना ता. क. पहिल्या ओळीत सांगा.