नवरा ‘पत्नींनो, अधीन असा’ हीच ओवी ऐकवतो. मग ख्रिस्ती संसार म्हणजे नक्की काय करायचं?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. लग्नाला दीड वर्ष झालं, दोघंही ख्रिस्ती घरातले. नवरा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात पुढे असतो, रविवारी गाण्यांना गिटार धरतो. घरी मात्र तुमचा पगार त्याच्या हातात जातो, आईच्या औषधाला पैसे पाठवायचे तरी त्याची परवानगी लागते. तुम्ही काही बोललात की इफिसकरांस पत्रातली ५:२२ ही ओवी पुढे येते. सासूबाईंना रोज रात्री घरची प्रार्थना हवी, आणि भांडून उठल्यावर तिथे डोळे मिटून बसणं तुम्हाला ढोंग वाटतं.

मी नगर जिल्ह्यातली. आमचं घर तीन पिढ्या मंडळीत आहे, सासरे मंडळीच्या पंचकमिटीत होते, आणि महिला मंडळाच्या कामामुळे पुष्कळ घरांत जाऊन बसले आहे. तेवढ्यावरून सांगते.

तुम्हाला जे ढोंग वाटतं ते ढोंगच आहे, आणि तसं वाटणं हे तुमचा विश्वास जागा असल्याचं लक्षण आहे. तुमच्या विश्वासात खोट असती तर तुम्ही निवांत बसून ‘आमेन’ म्हणून उठला असता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने स्पष्ट सांगितलंय: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. अर्पण नको असं त्याने म्हटलेलं नाही, क्रम सांगितला आहे. हाच क्रम घरातल्या प्रार्थनेलाही लागू होतो, आणि बायकोशी समेट करायला तर वेदीपासून उठून लांब जावंही लागत नाही. ती शेजारीच बसलेली असते.

याहून थेट बोलतो तो प्रभूचा शिष्य पेत्र. पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली सातवी ओवी काढून बघा. नवऱ्यांना तो सांगतो की बायकोशी सुज्ञपणे वागा, ती तुमच्याबरोबर जीवनाच्या कृपादानाची समाईक वतनदार आहे म्हणून तिला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही. म्हणजे बायकोला मान न देणाऱ्या माणसाची प्रार्थना अडते, हे खुद्द पेत्राचं म्हणणं आहे, आणि पेत्र स्वतः लग्न झालेला होता. प्रभूने त्याच्या सासूला तापातून बरं केलं ती गोष्ट शब्बाथ शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तुमच्या सासूबाईंना घरात प्रार्थना हवी आहे ना? मग ती अडलीय कुठे, हे त्यांनाही या ओवीवरून कळेल.

आता पौलाचं इफिसकरांस पत्र. तुमच्या यजमानांना म्हणा, एक ओवी मागे जाऊन २१ पासून वाचू या, आणि ३३ संपेपर्यंत थांबायचं नाही. एकविसाव्या ओवीत ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा असं आहे, आणि ते सगळ्यांना आहे. मग बायकांना २२ ते २४ अशा तीन ओव्या, नवरा हा बायकोचं मस्तक हे त्यातच येतं. त्यानंतर २५ पासून पुढचं जवळजवळ सगळं नवऱ्यांना, आणि मागणी काय, तर ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. पौलाने मस्तकपणाचं माप म्हणून वधस्तंभ पुढे ठेवलाय. ज्याला मस्तक व्हायचंय त्याने आधी त्या मापाला लागायला हवं.

पौलाने हे कोणाला लिहिलं तेही लक्षात घ्या. रोमी राज्यात घराचा पुरुष म्हणजे घराचा धनी. बायको, मुलं, गुलाम, सगळ्यांवर कायद्याने त्याचाच हात वर. त्या काळात बायकोने ऐकावं हे सांगायला प्रेषिताची गरज नव्हती, ते गल्लीतला कोणीही सांगत होता. नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला द्यावं, हे सांगायला मात्र प्रेषितच लागला. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर तो आणखी पुढे जातो. बायकोच्या देहावर नवऱ्याचा अधिकार म्हणतो आणि लगेच पुढच्या दमात नवऱ्याच्या देहावर बायकोचा. प्रार्थनेसाठी वेगळं राहायचं तरी दोघांच्या संमतीने. एकट्याने ठरवायचं असं तिथे काहीच ठेवलेलं नाही. आपल्या व्यासपीठांवरून २२ वी ओवी जितक्यांदा ऐकली तितक्यांदा हा सातवा अध्याय ऐकला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पैशाचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते दुखणं तिथेच आहे. विश्वास घरात उतरलाय की नाही हे पगाराच्या दिवशी कळतं.

माझे सासरे सरकारी नोकरीत, पगार रोख मिळायचा तो काळ. पाकीट आणून ते सासूबाईंच्या पुढ्यात चटईवर ठेवायचे. निळ्या पुठ्ठ्याची एक लांब वही होती. सासूबाईंना लिहिता येत होतं पण अक्षर मोठं, एका पानावर जेमतेम दहा-बारा ओळी मावायच्या. पहिली ओळ दशांशाची, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या भागाची. मग किराणा, रॉकेल, मुलांच्या फिया. आणि दर महिन्याला एक ओळ ‘आई, तपकीर व औषध’ अशी असायची. ही आई म्हणजे सासूबाईंची आई, सासऱ्यांची नव्हे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती वही मला दाखवली होती. त्यात दोन अक्षरं आहेत, एक मोठं नि एक बारीक, आणि ज्या महिन्यात पैसे कमी पडले त्या महिन्यात सासऱ्यांनी आपली बिडीकाडीची ओळ खोडलेली आहे, तपकिरीची नाही. त्यांनी मला कधी इफिसकरांचा पाचवा अध्याय समजावून सांगितला नाही. पण मला तो त्या वहीतूनच समजला.

तुमची कमाई तुमची आहे, हे कायदाही सांगतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ सालचा कायदा आपल्या ख्रिस्ती बायकांना लागू आहे, आणि त्यात बायकोने नोकरीधंद्यातून मिळवलेला पैसा ही तिची स्वतंत्र मालमत्ता ठरवली आहे. दीडशे वर्षं झाली त्याला. नवऱ्यावर दावा लावा असं मी म्हणत नाही. पण पगार त्याच्या खात्यात जाणं ही देवाची आज्ञा आहे असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही, एवढं मनाशी पक्कं असू द्या. तुमच्या नावावर खातं ठेवा, पगार तिथे येऊ द्या, आणि महिन्याच्या सुरुवातीला दोघं मिळून दोन्ही पगारांचा हिशोब मांडा. दोन्ही, हे महत्त्वाचं. त्याचा पगार झाकलेला आणि तुमचा उघडा, असं चालणार नाही. आईच्या औषधाची ओळ वरती लिहा. आईबापाचा मान राख ही आज्ञा मुलीलाही आहे, आणि लग्न लागलं म्हणून ती सुटत नाही.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दोन जोडपी आहेत, दोघांच्याही गोष्टीत पैसा आहे. हनन्या आणि सप्पीरा यांनी मालमत्ता विकून आलेल्या पैशातला काही भाग एकमताने लपवला. एकमत होतं, पण ते खोट्यावर होतं. दुसरी जोडी अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. रोमी बादशहा क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवलं तेव्हा करिंथात आलेली, तंबू करण्याचा धंदा दोघांचा, पौल त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर काम करायचा. पुढे त्यांच्या घरातच मंडळी जमायची. अपुल्लोसारख्या विद्वान माणसाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला तो दोघांनी मिळून, आणि तिथे प्रिस्किल्लेचं नाव आधी आहे. जाड कापड शिवून हाताला घट्टे पडलेले हे नवराबायको, त्यांच्यात कोण कोणाच्या वर हे नव्या करारात कुठेही आलेलं नाही. नव्या करारातला संसार कसा दिसतो असं कोणी विचारलं तर मी याच घराकडे बोट दाखवते.

आपल्या मराठी मंडळीतलं उदाहरण हवं असेल तर टिळकांचं घर. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं, आणि त्यानंतर काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळंओवळं चालूच होतं. टिळकांनी ते चालू दिलं. घरात नवऱ्याचाच शब्द चालायचा अशा त्या काळात या माणसाने बायकोच्या विवेकावर हुकूम चालवला नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. रागीट होते, हातात पैसा ठरू द्यायचे नाहीत, घरात काही नसताना दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे, आणि त्याचे चटके बाईंनी सोसले. हे सगळं बाईंनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय, काही झाकलं नाही. म्हणूनच हे घर मला जवळचं वाटतं. पुढे नगरला त्यांच्याकडे बालकवी ठोमरे घरच्या मुलासारखे राहिले. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. त्या घरात माया धर्म विचारून वाढली जात नव्हती. टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी.

रोजच्या प्रार्थनेविषयी सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची इच्छा चांगली आहे. फक्त आकार बदला. दमून आलेल्या माणसांना एक अख्खा अध्याय, तीन गीतं आणि लांबलचक प्रार्थना झेपत नाही, आणि मग ती शिक्षा वाटू लागते. आमच्याकडे जेवणाआधी एक स्तोत्र, तेही अर्धं, आणि प्रत्येकाने एक वाक्य. मुलं लहान होती तेव्हा कुत्र्यासाठी नि गणिताच्या पेपरासाठी प्रार्थना व्हायची. एका संध्याकाळी माझे यजमान माझ्यावर मोठ्याने ओरडले होते, मुलांसमोर. प्रार्थनेला बसलो, त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “प्रभू, आज मी हिला वाटेल तसं बोललो, ते चुकलं,” आणि मग डोळे उघडून माझ्याकडे बघून तेच पुन्हा मला म्हणाले. धाकट्याने लगेच विचारलं, “पप्पा, मग आता जेवायचं?” तो मुलगा आता स्वतः संसारी आहे. त्याला आपल्या बायकोची माफी मागायला जड जात नाही, हे मी डोळ्यांनी बघते.

तुमच्या घरी एकदम असं होणार नाही. पण भांडण झालं असेल त्या रात्री तुम्ही बसून एवढं तरी म्हणू शकता की आमच्यात आज बरं नाही, आम्हाला समेटाची बुद्धी दे. ते ढोंग नाही, ते खरं आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तो हात उचलतो का? उचलत असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागी जा, माहेरी किंवा मैत्रिणीकडे. १८१ हा महिलांसाठी मदतीचा फोन आहे. घरातल्या हिंसेपासून संरक्षणाचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. ‘सहन कर, प्रार्थना कर, प्रभू त्याला बदलेल’ असं सांगणारी चांगली माणसं आपल्या मंडळीत भेटतील. त्यांचं ऐकू नका. क्षमा करायला मार खात तिथेच राहावं लागत नाही. आणि जे देवाने जोडलं ते माणसाने तोडू नये, ही ओवी मारणाऱ्याला ऐकवायची असते, कारण तोडतोय तो.

तसं काही नसेल, नुसता हेका असेल, तर हा माणूस बदलू शकतो असं मला वाटतं. उपासनेत मनापासून गाणाऱ्या माणसाला अजून वचनाची लाज असते. त्याच्याशी एखाद्या शांत संध्याकाळी बोला, भांडणाच्या मध्यात नको. २१ ते ३३ दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचा, आणि नंतर तुम्ही उपदेश करू नका. त्यालाच विचारा, यातलं माझ्यासाठी काय नि तुझ्यासाठी काय. त्यानंतर पगाराचा विषय काढा, एकच विषय.

नाहीच जमलं तर पाळकांकडे जा, पण आधी बघून ठेवा की त्या पाळकांच्या घरात पाळकीणबाई मोकळेपणाने बोलतात का. नसतील तर मंडळीतलं एखादं वयस्क जोडपं निवडा, ज्यांना तुमचे यजमान मान देतात. जाताना दोघांनी जावं. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा, आणि तसं त्याला सांगून जा.