होल्स्टर घट्ट बसतंय

प्रश्न : बँकेत सुरक्षारक्षक आहे. परवान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरसाठी चामडी होल्स्टर घेतलं. दोन्ही हातांनी ओढावं लागतं. तेल लावू का?

उत्तर : तेल मुळीच नको. चामडं एकदा लिबलिबीत झालं की पकड परत येत नाही. माझं पहिलं होल्स्टर मी असंच वाया घालवलं, आजही हळहळ वाटते. आधी काडतुसं काढा, सिलिंडरची सहाही घरं बोटानं चाचपा. मग रिव्हॉल्व्हरला पातळ प्लास्टिक पिशवीचा दुहेरी वेढा देऊन आत दाबा, रात्रभर कुलपात ठेवा. सकाळी जरा हलवत बाहेर काढा. दोन-तीन रात्रींत सैलावेल. उन्हात किंवा पाण्यात घालू नका. होल्स्टर सैलावल्यावर मात्र काम संपलं की हत्यार त्यातच ठेवून देऊ नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, नळीवर तांबूस ठिपके उठतात.