‘अ‍ॅसे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: ‘उंदराच्या ब्रेन टिश्यूमधल्या प्रोजेस्टेरॉनचा इम्यूनोअ‍ॅसे’ याचे भाषांतर करताना अ‍ॅसेला ‘चाचणी’ म्हटले तर चालेल का?

प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हॉर्मोन). इम्यूनोअ‍ॅसे म्हणजे प्रतिपिंडाच्या, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या, मदतीने त्याचे प्रमाण मोजणे. ‘चाचणी’ चालेल, पण अर्थ निसटतो. चाचणी म्हटले की मनात येते ते ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’. इथे विचारायचे असते ‘किती’. आणि तेही ग्रॅमभर मेंदूत जेमतेम काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश.

अ‍ॅसे हा इंग्रजीत सोन्याचांदीची पारख करणाऱ्यांच्या तोंडचा शब्द. त्याचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे ‘कस’. संस्कृत ‘कष’वरून तो आला, कसोटीही त्याच घरातली. सोनार कसोटीवर तुमच्या दागिन्याची रेघ ओढतो, शेजारी शुद्धता माहीत असलेल्या सोन्याची, आणि दोन्ही ताडून पाहतो. रोझलिन यालो आणि सोलोमन बर्सन या संशोधकांनी इन्शुलिनसाठी काढलेल्या रेडिओइम्यूनोअ‍ॅसेत (यालोंना १९७७चे नोबेल यासाठीच) नेमके हेच घडते. प्रतिपिंडाच्या खुर्च्या मोजक्या. त्यांवर बसायला नमुन्यातले संप्रेरक आणि आपण घातलेले किरणोत्सारी संप्रेरक यांची संगीत खुर्ची. किरणोत्सारी जितके कमी बसले तितके नमुन्यात जास्त. किती जास्त, ते ज्ञात मात्रांच्या आलेखाशी ताडून ठरते.

प्रोजेस्टेरॉन हे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडांची पंचाईत ही की सगळ्यांचा सांगाडा त्याच चार कड्यांचा. त्यामुळे प्रतिपिंड चुलतभावालाही, म्हणजे मिळत्याजुळत्या स्टेरॉइडालाही, खुर्ची देते. त्यात मेंदू चरबीने भरलेला, म्हणून आधी तो वाटून, द्रावकात काढून, स्वच्छ करावा लागतो. प्रतिपिंडाऐवजी मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र वापरले तर ते रेणूचे वजन पाहते, पण टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए या दोन स्टेरॉइडांचे रेणुसूत्र एकच, त्यामुळे वजनही तेच. म्हणून आधी क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्राने) त्यांची फारकत करायची.

तर ‘कस’ घ्यावा? मला मोह झाला होता. पण मराठीत कस आता गुणवत्तेकडे झुकला आहे, आणि ‘उंदराच्या मेंदूचा कस लावला’ म्हटले तर वाचकाला वाटेल, बिचाऱ्याला गणिते घातली. ‘मोजणी’त डोकी मोजल्याचा भास होतो. माझे मत: नाम हवे तिथे सरळ ‘अ‍ॅसे’ ठेवा आणि वाक्य क्रियापदावर न्या: ‘उंदराच्या मेंदूच्या ऊतीतले प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण प्रतिपिंडाच्या साहाय्याने ठरवले.’

टिश्यूसाठी ‘ऊती’ मात्र बिनधास्त वापरा. फ्रेंच ‘तिस्यू’ म्हणजे विणलेले, आणि संस्कृत ‘ऊति’ म्हणजे विणणे.