चंदेरी मल्चिंगने मिरचीवरचा बोकड्या थांबतो का?

प्रश्न : मागच्या उन्हाळी मिरचीला काळा मल्चिंग पेपर (बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) टाकला, तरी बोकड्या (पानं मुरडणं) आलाच. यंदा दुकानदार चंदेरी-काळा घ्या म्हणतो. त्याने फवारण्या वाचतील का?

उत्तर : बंद होणार नाहीत, पण लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यात कमी कराव्या लागतील. मिरचीला तोच महिना जपायचा असतो. कोवळ्या रोपाला किडीकडून व्हायरस लागला की ते खुजंच राहतं. मोठ्या झाडाला लागला तर निदान काही तोडे हाती येतात.

काळ्या पेपरने तण अडतं, ओल टिकते. किडीला त्याचा फारसा अडथळा नाही. पांढरी माशी, मावा, फुलकिडे आभाळाचा उजेड आणि पानांचा रंग यांतल्या फरकावरून उतरायची जागा हेरतात. खालूनही आभाळासारखे अतिनील किरण यायला लागले की त्या गोंधळतात. कीड मरत नाही, उतरत नाही एवढंच. म्हणून चंदेरी बाजू वर हवी. उलटा अंथरलेला पेपर दर हंगामात एखाद्या तरी शेतात दिसतोच!

25 ते 30 मायक्रॉन जाडीचा, चार फूट रुंदीचा पेपर घ्या. बेडवरची ढेकळं फोडून, ठिबकची नळी पसरून मगच तो ताणून लावा आणि कडा मातीत दाबा. ढिल्या पेपरच्या खळग्यांत गढूळ पाणी साचतं, ते वाळलं की मातीचा थर बसतो आणि चकाकी जाते. उन्हाळ्यात भोक जरा मोठं पाडा. तापलेल्या कडेला टेकून रोपाचा बुंधा भाजतो.

पानांनी पेपर झाकला की त्याचा किडीवरचा उपयोग संपला. तिथून पुढे पांढऱ्या माशीसाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे बघत राहा आणि कीड वाढली तरच फवारा.

मागच्या वर्षीचा तो बोकड्या नेमका कशाचा होता, हेही आठवून बघा. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी ही बारीक कीड, आणि कोळीपुढे चंदेरी पेपर काही कामाचा नाही. पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला असेल तर व्हायरस. तो कधीकधी रोपांबरोबरच येतो. नर्सरीत रोपं कीडरोधक जाळीखाली होती का, ते विचारूनच घ्या. असं झाड दिसताच उपटून गाडा.

पीक निघाल्यावर पेपर गुंडाळून बाहेर काढा. त्यावरून रोटाव्हेटर फिरवला तर तुकडे वर्षानुवर्षं मातीत राहतात.