‘विशमास्टर’ सुरुवातीलाच बंद केला, नुसता रक्तपात वाटला. पुढे बघण्यासारखं काही आहे का?

आहे. मी हा चित्रपट चार वेळा बघितलाय आणि पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखाच वैतागलो होतो. 1127 सालच्या पर्शियातला तो दरबार, राजाने जिनला, म्हणजे इच्छा पुऱ्या करणाऱ्या त्या दुष्ट शक्तीला, चमत्कार दाखवायला सांगणं आणि मग माणसांची जी दशा होते ती, हे सगळं अंगावर येतं. एका माणसाचा सांगाडा त्याच्याच अंगातून फाडून बाहेर पडतो, तिथे कितीतरी जण थांबत असतील. दिग्दर्शक रॉबर्ट कर्ट्झमन मुळात मेकअप आणि स्पेशल इफेक्ट्सवाला. 1997 सालच्या या चित्रपटात त्याने हातचं काही राखून ठेवलेलं नाही. तो भाग नाही आवडला तर नाही आवडला, त्यावर मी वाद घालणार नाही.

पण या चित्रपटाची भीती रक्तात नाही, वाक्यात आहे. जिनला वाटेल ते करता येत नाही. समोरच्याच्या तोंडून इच्छा निघावी लागते, तेव्हा कुठे त्याचे हात मोकळे होतात. त्यामुळे तो लोकांच्या मागे धावत नाही, त्यांच्याशी गप्पा मारतो. अँड्र्यू डिव्हॉफने हे काम असं केलंय की त्याच्या हसण्याची धास्ती वाटते. मऊ, खर्जातला आवाज, आणि समोरचा बोलेपर्यंत वाट बघायची तयारी.

दुकानातल्या त्या मुलीचा प्रसंग बघा. आपण कायम सुंदर राहावं, एवढंच तिला हवं असतं. क्षणात तिचा दुकानातला पुतळा होतो. मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा ऐकला होता. तिच्या मागण्यात चूक शोधायला गेलो आणि सापडली नाही. आपणही असंच बोलतो! दारावरच्या रखवालदाराचं तर त्याहून वाईट. आत जायचं तर माझ्यातून जावं लागेल, अशी इंग्रजीत दरडावायची रीतच आहे. ते बघायला आवडेल, असं तो भरीला म्हणतो. मग त्याची काच होते आणि जिन त्याच्यातून आरपार निघून जातो. आपण इच्छा मागतोय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसतं.

आपल्या भस्मासुराच्या गोष्टीशी ताडून बघितलं तेव्हा मला हे जास्त कळलं. शंकर शब्द फिरवत नाही. मागितला तोच वर सरळ देतो, आणि खोट मागणाऱ्याच्या मनात असते. म्हणून ती गोष्ट ऐकताना आपण सुरक्षित असतो, आपण काही भस्मासुर नाही. इथे मागणारा साधा असतो आणि देणारा त्याच्या शब्दांवर टपलेला असतो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या 1902 सालच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेत आणखी तिसराच प्रकार आहे. तिथे दोनशे पौंड मागितले तर दोनशे पौंडच येतात, एक शब्दही वाकवला जात नाही. फक्त ते येतात मुलगा यंत्रात सापडून मेल्याची भरपाई म्हणून. चित्रपटानंतर ती जरूर वाचा, छोटीशीच आहे.

मला हा प्रकार इतका का लागतो, तेही सांगतो. सातवीत असताना गणिताची परीक्षा पुढे जावी म्हणून मी रात्री मनापासून प्रार्थना केली होती. परीक्षा पुढे गेली, कारण गणिताचे सर रात्रीतून गेले. सकाळी वर्गात शिरलो तर फळ्यावर त्यांच्याच अक्षरातलं आदल्या दिवसाचं अर्धवट उदाहरण होतं, आणि ते पुसायला कोणी पुढे होईना. माझ्या प्रार्थनेचा त्याच्याशी काही संबंध नाही हे आज मला पक्कं ठाऊक आहे. पण ते उदाहरण मला अजून दिसतं. अशा चित्रपटांत कोणी काही मागायला तोंड उघडलं की माझ्या पोटात खड्डा पडतो तो तिथूनच.

उणिवा आहेतच. मधे काही पात्रं केवळ मरण्यापुरती येतात आणि पार्टीचा शेवटचा धुमाकूळ लांबलाय. पुढचे तीन भाग आहेत, पैकी 1999 सालच्या दुसऱ्यात डिव्हॉफ आहे, तिसऱ्या-चौथ्यात नाही. ते दोन सोडलेत तरी चालेल.

पहिला मात्र नायिका अलेक्झांड्रासाठी पूर्ण करा. जिनला जागं करणारी तीच, त्यामुळे तिच्या तीन इच्छा पुऱ्या झाल्या की त्याची सगळी जमात पृथ्वीवर मोकळी सुटणार. म्हणजे गप्प राहावं तर माणसं मरतात आणि मागावं तर सगळंच संपतं. या कोंडीतून ती कशी सुटते ते सांगत नाही, पण तिचं शेवटचं मागणं अगदी साधं असतं आणि त्यात फिरवायला जागाच नसते. ते कळायला पर्शियानंतरचा बंदरावरचा प्रसंग नीट बघितलेला हवा. क्रेनला पेटी लटकतेय, खाली माणसं उभी आहेत. तिथे पेटीकडे बघू नका, क्रेन चालवणाऱ्याकडे बघा.