फुकट अँटिव्हायरस : आधी घरात काय आहे ते बघा

नवीन लॅपटॉप घेतलात ना? मग लगेच काही डाउनलोड करू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासूनच असतो, फुकट आणि चालू. घरगुती वापराला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षांपूर्वी मी असं म्हटलं नसतं.

दुसरा हवाच असेल तर बिटडिफेंडर फ्री बघा, जाहिरातींचा त्रास कमी. अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही तीन नावं वेगळी वाटतात, पण आज तिन्ही जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. तेव्हा त्यांच्यात डोकं खाजवत बसू नका. शिवाय वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अवास्टला अमेरिकेत २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलर भरावे लागले. फुकटाची किंमत अशीही वसूल होते. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती सतत पहारा देत नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच तपासते. म्हणून ती डिफेंडरच्या जोडीला ठेवायला चांगली.

एक मात्र करू नका : सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र. मी एकदा केलं होतं. दोघे एकमेकांच्याच फायली हुंगत बसले, आणि मशीन सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा.

आणि हो, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबा. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि काम झालं की तिची वायर काढून ठेवा.