वाचकांचे प्रश्न : पिशवीत काय जाणार, ते आधी ठरवावे

मागील अंकात घरातील जुन्या साड्या, टी-शर्ट आणि अन्य टाकाऊ वस्तूंपासून क्रोशाच्या भेटपिशव्या विणण्याविषयी आम्ही वाचकांना प्रश्न विचारण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ती वाचण्यापूर्वी एक विनंती आहे. पिशवी कशाची विणायची हे ठरवण्याआधी, भेट काढून घेतल्यावर त्या पिशवीत घेणारी व्यक्ती काय ठेवेल, याचा विचार करावा. चष्मा, वाटाण्याच्या शेंगा, पोथी, मोबाइलचा चार्जर, काहीही असो. पण ते आधी ठरले की माप, वीण आणि धागा यांचा निर्णय सोपा होतो. ज्या पिशवीला दुसरे काम नाही, ती कितीही सुबक असली तरी कपाटाच्या तळाशी पडून राहते आणि विणणारीचे श्रम वाया जातात.

प्रश्न (सांगली) : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस जणी येतात. या वेळी प्लास्टिकचे डबे न लुटता सासूबाईंच्या सुती साड्यांच्या पट्ट्या काढून क्रोशाच्या छोट्या पिशव्या कराव्यात आणि त्यांत तिळगूळ घालून वाण द्यावे, असे मनात आहे. साड्या किती लागतील आणि दोन महिन्यांत काम होईल का?

उत्तर : आपला विचार मला फार आवडला. साड्या पुरतील, काळजी वेळेची आहे. साधी साडी साडेपाच मीटर लांब आणि सुमारे ११५ सेंटीमीटर रुंद असते. दोन्ही काठ काढून बाजूला ठेवले की सुमारे १०५ सेंटीमीटर रुंदीचे अंग उरते. त्याच्या दीड सेंटीमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या काढल्या, तर ७० पट्ट्या, म्हणजे साधारण ३८५ मीटर धागा मिळतो. १२ सेंटीमीटर रुंद आणि १४ सेंटीमीटर उंच पिशवीला ६ मिलिमीटरच्या सुईने माझ्या हाताला १५ मीटरच्या आसपास पट्टी लागते. विरलेला भाग आणि जोड वजा केले, तरी एका साडीत वीस-बावीस पिशव्या बसतात आणि दोन साड्यांत आपले चाळिसाचे गणित जमते. मात्र सराव असलेल्या हातालाही एका पिशवीला दोन तास लागतात, म्हणजे एकूण ८० तास झाले आणि त्यांत पट्ट्या काढण्याचा वेळ धरलेलाच नाही.

साडीच्या पट्ट्या कात्रीने कापू नयेत, हाताने फाडाव्यात. पदराच्या टोकाला दीड दीड सेंटीमीटरवर बोटभर खाच पाडून दोन्ही हातांनी ओढले की सुती कापड उभ्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते; कात्रीची रेषा तेवढी सरळ कधीच येत नाही. फाड शेवटपर्यंत न नेता टोकाला बोटभर कापड तसेच ठेवून पुढची फाड त्या टोकाकडून उलट आणली, तर पट्ट्या अखंड राहतात. हे काम गच्चीत किंवा गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून करावे, कारण जुन्या सुती कापडाचा भुगा घरभर उडतो आणि घशात बसतो. फाडल्यावर पट्टीच्या कडेला जे लांब धागे लोंबतात, ते आत्ताच ओढून काढावेत. ते राहिले तर प्रत्येक टाक्याला सुईत अडकतात.

वीण अगदी साधी ठेवावी. १२ साखळ्या घालून त्यांच्या एका बाजूने मुके खांब विणत जावे, टोकाशी एकाच घरात (म्हणजे एकाच टाक्यात) तीन मुके खांब घालून वळावे आणि त्याच साखळ्यांच्या दुसऱ्या बाजूने परत यावे. (सुईवर वेढा न घेता विणलेल्या आखूड खांबाला मी मुका खांब म्हणते, काही घरांत त्याला अन्य नाव असेल.) असा लांबट तळ तयार झाला की पुढे न वाढवता, न घटवता गोल गोल विणत वर जावे, म्हणजे कोठेही शिवण येत नाही. वरच्या दोन फेऱ्या उरल्या असताना एक फेरी नाडीसाठी विणावी: एक खांब, एक साखळी, खालचे एक घर सोडून पुन्हा एक खांब. आरंभी बाजूला ठेवलेला काठ दुमडून शिवला की त्याचीच नाडी होते. ती सेफ्टी पिनेने ओवावी. जरीच्या काठाची नाडी ओढली की साध्या पांढऱ्या पिशवीला एकदम उठाव येतो.

तरीही पूर्ण विणलेल्या चाळीस पिशव्यांचा हट्ट धरू नये, असे मी आपल्याला स्पष्टपणे सुचवते. काही जणींना विणलेल्या आणि बाकीच्यांना शिवलेल्या द्याव्यात म्हटले, तर हळदीकुंकवात एकीला एक आणि दुसरीला दुसरे वाण देणे बरे दिसत नाही. यावर चांगला उपाय असा की पिशवीचे अंग साडीच्या कापडाचे मशीनवर शिवून घ्यावे, तोंडाची कड दुमडून तिच्यावर जाड सुती दोऱ्याने अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर काजाचा टाका घालावा आणि त्या टाक्यांत बारीक सुई घालून वर चार बोटे क्रोशाचा गळा विणावा. अशी पिशवी पाऊण तासात होते, चाळिसांच्या चाळीस सारख्या होतात आणि हातविणीचे सौंदर्य नेमके जेथे नजर जाते तेथे, म्हणजे तोंडाशी, राहते.

जाता जाता एक सांगणे आवश्यक वाटते. वाणासाठी बाजारात ज्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या ठोक भावाने मिळतात, त्यांतील बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. त्यांत विणलेले ताणेबाणे नसतात. तंतू उष्णतेने चिकटवलेले असतात. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी निघालेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत अशा पिशव्यांचाही समावेश होता. कापडी पिशवी दिल्याचे समाधान हवे असेल, तर कापड खरेच कापड आहे ना, हे पाहूनच घ्यावे.

प्रश्न (पुणे) : मी वर्षभर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन साठवल्या आहेत. त्यांची दोरी करून भेटपिशवी विणता येते, असे ऐकले. पण पिशव्यांना वास येतो आणि कापायचे कसे तेही कळत नाही.

उत्तर : वास राहतो तो आतल्या सायीचा. पिशवी रिकामी झाल्याबरोबर आधी गार पाण्याने विसळावी, मग दोन्ही टोके कापून नळीसारखी उघडावी, उलटी करावी आणि कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने चोळून सावलीत वाळवावी. आपण पिशव्या नुसत्या वरून धुऊन ठेवल्या असतील, तर हे सगळे आता पुन्हा करावे लागेल. त्याला दुसरा मार्ग नाही.

टोके कापून उरलेली नळी आडवी धरून तिच्या तीन तीन सेंटीमीटर रुंदीच्या चकत्या कापाव्यात. प्रत्येक चकती म्हणजे एक बंद कडे असते. एक कडे दुसऱ्यात अर्धे घालून त्याचे टोक त्याच्याच पोटातून ओढून घेतले की गाठ बसते, आणि अशी कडी एकमेकांत ओवत गेले की दुहेरी दोरी तयार होते. गाठ आवळताना हलक्या हाताने ओढावे. हिसका दिला तर प्लास्टिक ताणून पातळ होते आणि नंतर तेथेच तुटते. अर्ध्या लिटरच्या एका पिशवीतून पाच कडी, म्हणजे जेमतेम पाऊण मीटर दोरी निघते. हाताएवढी लहान पिशवी विणायला मला अशा सुमारे चाळीस पिशव्या लागल्या होत्या. सुई ५.५ किंवा ६ मिलिमीटरची घ्यावी आणि वीण सैल ठेवावी. प्लास्टिक सुईवरून सहज सरकत नाही, त्यामुळे मनगट लवकर भरून येते; अर्ध्या तासाहून अधिक वेळ सलग विणू नये.

हे सारे सांगितल्यावर माझे मतही मोकळेपणाने सांगते. आपल्या भागात सुका कचरा वेगळा घेऊन जाणारे असतील आणि दुधाच्या स्वच्छ पिशव्या ते घेत असतील, तर त्या त्यांनाच द्याव्यात, कारण त्या वितळवून पुन्हा वापरता येतात. दूध काढताना पिशवीचे टोक पूर्ण कापून वेगळे करू नये. ते इवलेसे टोक कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जाते. विणायचेच असेल, तर ही पिशवी ओल्या वस्तूंसाठी भेट द्यावी. पोहायला जाणाऱ्या मुलाला टॉवेल आणि पोशाख ठेवायला किंवा न्हाणीघरात साबण-घासणी टांगायला ती उत्तम, कारण ती पाणी धरत नाही. खाण्याचा जिन्नस मात्र तिच्यात थेट ठेवू नये आणि ती उन्हातही टांगू नये. उन्हाने हे प्लास्टिक कडक होऊन त्याचे तुकडे पडू लागतात.

प्रश्न (ठाणे) : मी निवृत्त झाल्यावर क्रोशा शिकलो. मुलाच्या टी-शर्टांच्या पट्ट्यांपासून गोल तळाची पिशवी विणतो आहे. तळ सपाट राहत नाही, वाटीसारखा वर वळतो. शिवाय मागच्या पिशवीचे बंद एका पुस्तकाच्या वजनाने वीतभर लांबले. चूक कोठे होते?

उत्तर : प्रथम आपले अभिनंदन. तळ वाटीसारखा वळतो, याचा अर्थ फेरीत वाढ कमी पडते. मुक्या खांबाच्या गोलाचा हिशेब सहाच्या पाढ्यावर चालतो: पहिल्या फेरीत ६, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. वाढीचे घर चुकले की पुढच्या दोन फेऱ्यांत ते लक्षात येत नाही आणि तळ हळूच वर येऊ लागतो; म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी वेगळ्या रंगाचा धागा अडकवून फेरी संपल्यावर घरे मोजावीत. याउलट तळाला झालर पडू लागली, तर वाढ जास्त झाली असे समजावे. मोजणी बरोबर असूनही तळ वळत असेल, तर आपला हात घट्ट आहे. ८ ऐवजी १० मिलिमीटरची सुई घेऊन पाहावी.

पट्टीही तपासावी. टी-शर्ट बगलेखाली आडवा कापून जी नळी मिळते, तिच्यातून अडीच सेंटीमीटर रुंदीची पट्टी गोल गोल, साल काढल्यासारखी अखंड कापावी आणि मग हातभर हातभर ओढत जावी. होजिअरीचे कापड ओढले की त्याच्या कडा आत वळून गोल दोरी होते. छातीवर छपाई असलेला भाग असा वळत नाही, चपटाच राहतो. एकाच पिशवीत दोन्ही आले की वीण एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ दिसते. छपाईचा तुकडा वेगळा ठेवून त्याचा आत खिसा शिवता येतो.

बंद लांबतात, कारण होजिअरी मुळातच ताणणारी आहे. यावर एक खात्रीचा उपाय आहे. परकराची न ताणणारी सुती नाडी बंदाच्या लांबीची कापून घ्यावी, दोन्ही टोके पिशवीच्या अंगाला आतून शिवून पक्की करावीत आणि मग ती नाडी पोटात घेऊन तिच्याभोवती मुके खांब विणत जावे. वजन नाडी पेलते, वीण नुसती तिच्यावर पांघरलेली राहते. माझ्या धाकट्या बहिणीला अशी पिशवी मी चार वर्षांपूर्वी पुस्तके घालून दिली होती. ती आता तिच्याकडे नारळ आणि कांदे-बटाटे आणायच्या कामी आहे आणि बंद बोटभरही लांबलेले नाहीत.

प्रश्न (मडगाव) : जुन्या गडद लाल साडीच्या पट्ट्यांची पिशवी विणून तिच्यात पांढरा रुमाल भेट द्यायचा आहे. रंग लागेल का?

उत्तर : लागू शकतो. अनेकदा धुतलेल्या साडीचाही रंग सुटू शकतो. पट्ट्या काढण्यापूर्वी साडी गरम पाण्यात भिजवावी आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. नंतर ओल्या पांढऱ्या चिंध्येने एक कोपरा जोरात चोळून पाहावा. चिंधी रंगली, तर त्या पिशवीत पांढरे काही ठेवू नये. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने सुटणारा रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नये.

प्रश्न (नाशिक) : मी आईच्या जुन्या साडीची पिशवी विणून त्यात ओटीचे सामान घालून द्यावे म्हणते. घरातील वडीलधाऱ्यांना वापरलेले कापड शुभकार्यात चालत नाही. जुन्याचे दिले म्हणून घेणारीलाही वाईट वाटेल का?

उत्तर : हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि मी त्यांची वेगळी उत्तरे देते. जुने कापड म्हणजे हलके देणे, ही समजूत आपल्या घरांत पूर्वी नव्हती. तान्ह्या बाळाला पहिली दुपटी आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचीच असत, कारण नवे कापड त्याच्या अंगाला बोचते. आणि गोधडीचे थर तर घरातल्या जुन्या साड्यांचेच असतात. त्यामुळे मैत्रिणीला, भाचीला किंवा शेजारणीला पिशवी देताना ती कोणत्या साडीची आहे हे आवर्जून सांगावे. ‘ही आईच्या हिरव्या इरकलीची’ असे सांगितल्यावर ती पिशवी जपून वापरली जाते, असा माझा अनुभव आहे. पण विणण्यापूर्वी साडीची पारख करावी: कापड दोन अंगठ्यांत धरून ताणले असता धागे कडकड वाजून सुटत असतील, तर ते जीर्ण झाले आहे. त्याची पट्टी काढू नये, नव्या कापडाच्या पिशवीला आतून अस्तर म्हणून ते वापरावे.

ओटीच्या बाबतीत मात्र वडीलधाऱ्यांचे मन मोडू नये. ज्या कार्यात त्यांच्या आशीर्वादाला महत्त्व आहे, तेथे आपला आग्रह मागे ठेवावा. खणाच्या शिवणकामातून उरलेले कोरे तुकडे किंवा नव्या विणकामातून शिल्लक राहिलेला सुती दोरा वापरावा. तोही टाकाऊच, पण न वापरलेला, त्यामुळे कोणाची हरकत येत नाही. नारळासाठी जाळीची पिशवी सर्वांत सोयीची. ४ मिलिमीटरच्या सुईने ६ साखळ्यांचे कडे करून त्यात पाच पाच साखळ्यांच्या ८ कमानी घालाव्यात, दुसऱ्या फेरीत प्रत्येक कमानीत दोन दोन घालून १६ कराव्यात आणि पुढे प्रत्येक कमानीत एकच घालत नारळाच्या उंचीपर्यंत यावे. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर सोललेला नारळ आत ठेवून पाहावा; नारळाचे माप सारखे नसते आणि जाळी सैल पडली, तर येथूनच उसवून दोन कमानी कमी करता येतात. शेवटच्या फेरीतून नाडी ओवताना शेंडी वर, मोकळी राहील एवढी जागा सोडावी.